दर गावात बंद पडणारी मोटार

मराठवाडा मुंबई राज्यात आला त्याच्या दुसऱ्या वर्षी माझ्या वडिलांनी जुनी मोटार घेतली. तुळजापुरात तेव्हा खाजगी मोटारी मोजक्याच होत्या आणि त्यांतली एकही पुजाऱ्याच्या घरची नव्हती. वडिलांना गाडी चालवता येत नव्हती. मोटारीत बसण्याची हौस त्यांना होती असंही नाही. घेण्याचं कारण एकच होतं, त्यांचा उजवा गुडघा.

आमचं घर देवीच्या पुजाऱ्यांचं. बाहेरगावचा यजमान दर्शनाला आला की तो आपल्या ठरलेल्या पुजाऱ्याच्याच घरी उतरतो, तिथंच जेवतो, तिथंच झोपतो. माघी पौर्णिमेनंतर ज्वारीची सुगी झाली की उलटा प्रवास सुरू होतो. पुजारी कुंकू आणि प्रसाद घेऊन यजमानाच्या गावी जातो, घरात वर्षभरात कोण जन्मलं, कोण गेलं ते वहीत लिहून घेतो आणि यजमान देईल ती ज्वारी घेऊन पुढच्या गावाला निघतो. याला आमच्याकडं फेरी म्हणत. वडिलांची फेरी उमरग्याच्या दक्षिणेला, कानडी मुलखाच्या कडेनं, सव्वीस गावांची होती. एसटी फाट्यावर सोडायची. तिथून पुढं दोन मैल, चार मैल, कुठं सहा मैल पायी, नाहीतर कुणाची बैलगाडी मिळाली तर तिच्यातून.

गुडघ्यामुळं वडिलांच्या दोन फेऱ्या चुकल्या होत्या. तिसऱ्या वर्षी दिवाळीनंतर त्यांचे एक चुलतभाऊ घरी आले. ते वडिलांहून दहा वर्षांनी लहान आणि पायानं धडधाकट. ते म्हणाले, "दादा, यंदा तुमच्या गावांना मी जाऊन येतो. ज्वारी तुमच्याच घरात आणून टाकतो, कणभर ठेवून घ्यायचा न्हाय."

त्यांच्या मनात काही नव्हतं, हे सगळ्यांना माहीत होतं. वडिलांनी त्यांना चहा दिला, विचार करतो म्हणाले आणि ते गेल्यावर बराच वेळ वही उघडून बसले. ज्वारी घरात येईल, याबद्दल त्यांना शंका नव्हती. पण यजमानाच्या कपाळाला ज्याचं बोट लागतं, त्याचीच माणसाला सवय होते. तीन वर्षं दुसऱ्याचं बोट लागलं की चौथ्या वर्षी यजमान तुळजापुरात आला की दुसऱ्याच दाराशी जाणार. सव्वीस गावांतली माणसं वडिलांना नावानिशी, आज्यापणज्यासकट पाठ होती. ती हातची जाणार होती.

चार दिवसांनी ते थोरल्या बंधूंना म्हणाले, "एखादी जुनी मोटार पाहा. चार पोती ज्वारी बसली पायजे आणि पेट्रोल कमी लागलं पायजे. रंग कसला का असंना."

माझे थोरले बंधू उस्मानाबादच्या हायस्कुलात गणित शिकवायचे. मी सोलापूरच्या एका दैनिकात उपसंपादक होतो. गाडीतलं दोघांनाही काही कळत नव्हतं. त्यामुळं आम्ही नळदुर्गहून एका ड्रायव्हरला बोलावलं. साठीला टेकलेला, दाढी पांढरी, शर्टाचं वरचं बटण नेहमी लावलेलं. जहागिरी असेपर्यंत तो एका जहागीरदाराची मोटार चालवायचा. जहागीर गेली, मोटार विकली गेली, ड्रायव्हर राहिला. सगळे त्याला चाचा म्हणायचे. आम्हीही म्हणू लागलो. त्यांनी पहिल्या भेटीत वडिलांना दोन गोष्टी सांगितल्या. एक, गाडीबद्दल मी खोटं बोलणार नाही, मालकाशीही नाही आणि गिऱ्हाइकाशीही नाही. दोन, पगार काय द्यायचा तो द्या, पण गाडीला मीच हात लावणार.

पहिली गाडी सोलापुरात पाहिली. कापसाच्या एका दलालाची, लांबरुंद, काळी, पुढच्या दोन दिव्यांमध्ये माणूस उभा राहील एवढी. डिकीत दोन पोती आडवी बसली आणि मागची बैठक काढली तर आणखी तीन बसणार होती. बंधू खूश झाले. दलाल म्हणाला, "गॅलनला चौदा मैल देते. डोळे झाकून घ्या."

चाचा परत येताना एसटीत म्हणाले, "मास्तर, तुमची फेरी उमरग्याच्या पुढं किती मैल?"

बंधूंनी वहीवरून हिशेब केला होता. उमरग्यातून निघून परत उमरग्यात यायला दोनशे दहा मैल. मध्ये कुठंही पेट्रोलचा पंप नाही.

"चौदा के हिसाब से पंधरा गॅलन लगता. टाकी सात की है. आठ गॅलन दो डब्बे में लेके जाना. वो डब्बे कां रखते? ज्वारी के बाजू में?" चाचा खिडकीबाहेर बघत म्हणाले. "भाकर को पेट्रोल का बास आया तो देवी माफ करती, पुजारीबाबा की बायको नै करती."

तोवर पोती आणि मैल हे दोन वेगवेगळे प्रश्न आहेत असं आम्ही धरून चाललो होतो. जास्त पिणारी गाडी स्वतःचं पेट्रोल ठेवायला स्वतःचीच जागा खाते, हे त्या दिवशी कळलं. काळी गाडी यादीतून गेली.

दुसरी गाडी उस्मानाबादची. एका निवृत्त वकिलांची, करडी, इंग्रजी बनावटीची, चार दारं असूनही बुटकी. वकीलसाहेबांनी ती तुळजापूरला पाठवून दिली आणि सवडीनं पाहा म्हणाले. त्यांच्या सज्जनपणाबद्दल मला आजही आदर आहे. या गाडीवर चाचांनी बाटलीची परीक्षा घेतली. गॅलनच्या आठव्या हिश्शाची एक काचेची बाटली त्यांच्याकडं होती, तिच्यावर चुन्याची रेघ. टाकीची नळी बंद करायची, बाटली बॉनेटच्या कडेला दोरीनं बांधायची, रबरी नळीनं कार्बोरेटरला जोडायची आणि गाडी थांबेपर्यंत चालवायची.

परीक्षा कुठं घ्यायची ते बंधूंनी ठरवलं. आमच्या गावात कुठंही जायचं म्हणजे सोलापूरच्या रस्त्यालाच लागायचं, अशी सवय. आम्ही तामलवाडीच्या दिशेनं निघालो. वडील पुढं, मी आणि बंधू मागं. बंधूंच्या हातात घड्याळ आणि माझ्या हातात वही होती. मैलाचे दगड मोजत गेलो. सातव्या दगडाशी गाडी दोन आचके देऊन थांबली.

"सात गुणिले आठ, छप्पन्न!" बंधू म्हणाले. "आबा, गॅलनला छप्पन्न मैल! अशी गाडी हैदराबादेत नसंल."

चाचांनी बाटली पुन्हा भरली, नळी बसवली आणि गाडी वळवली.

"अब वापस चलो, मास्तर."

जाताना आम्ही घाट उतरलो होतो. तुळजापूर डोंगराच्या माथ्यावर आहे आणि सोलापूर खाली. हे आम्हा दोघा भावांना जन्मापासून माहीत होतं, इतकं माहीत होतं की ते लक्षात आलं नाही. परतीचे सात मैल चढायला दोन बाटल्या लागल्या. दुसरी बाटली बदलायला घाटात थांबलो तेव्हा वडिलांनी मागं वळून बंधूंना विचारलं, "पोरांना गणित शिकवताना डोंगर वजा करता का न्हाय?"

चौदा मैलांना तीन बाटल्या. बंधूंनी हिशेब पुन्हा केला, सदतीस आले. ते पुढं कित्येक वर्षं घरात कुणी फुशारकी मारली की एवढंच म्हणत, "हे घाट उतरतानाचं झालं."

सदतीस मैल हेही उत्तमच होतं. पण करड्या गाडीच्या डिकीत एकच पोतं जात होतं, तेही तोंड बाहेर काढून. बैठक काढली तर दुसरं. तिसऱ्याला जागा नव्हती. वडिलांना तिच्यात बसताना गुडघा छातीशी घ्यावा लागत होता. त्यांनी दोनदा बसून पाहिलं, तिसऱ्यांदा दाराला धरून नुसतेच उभे राहिले आणि म्हणाले, "वकीलसाहेबांना नमस्कार सांगा."

या दोन आठवड्यांत आईनं एक गोष्ट केली. देवळात चिंतामणीचा गोल दगड आहे. मनात प्रश्न धरून त्यावर दोन्ही हात ठेवायचे. उजवीकडं फिरला तर होय, डावीकडं फिरला तर नाही. आई सकाळी आरतीनंतर जाऊन विचारून आली. वडिलांनी जन्मभर हजारो लोकांना त्या दगडापुढं बसवलं होतं, पण स्वतःच्या घरचं कधी विचारलं नव्हतं.

"काय म्हणाला?" त्यांनी विचारलं.

"हललाच न्हाय."

"म्हणजे थांबा म्हणतो. आन् थांबायला तर आपण बसलोच आहोत. पेट्रोलचं देवीला कशाला विचारायचं?"

"मी पेट्रोलचं न्हाय विचारलं," आई म्हणाली. "तुम्ही जाणार का ते विचारलं."

त्यावर वडील उठून बाहेर गेले.

तिसरी गाडी उमरग्यात सापडली. एक पानाचा व्यापारी तिच्यातून विड्याच्या पानांच्या डागा, म्हणजे बांधलेले भारे, आणायचा. मूळची ती साधीच मोटार होती. व्यापाऱ्यानं मागची बैठक काढून, टपाचा मागचा भाग कापून तिथं सागवानी फळ्यांचं खोकं बसवलं होतं. मागून दोन दारं आणि आतल्या बाजूला पत्रा. इंजिन लहान, चाकं उंच. दाराखालची पायफळी मात्र रुंद आणि खाली होती. पानांना पाणी मारत जावं लागतं, त्यामुळं फळ्या कायम ओल्या राहून काळ्या पडल्या होत्या. दार उघडलं की हिरवा, तिखट वास तोंडावर येई. दिसायला ती मोटारीला जोडलेलं कपाट वाटायची.

बंधूंचं तोंड उतरलं. "आबा, हिच्यात बसून यजमानाच्या दारात जायचं?"

"मी आजवर शेणखताच्या गाडीतून गेलोय," वडील म्हणाले.

शेजारच्या आडतीवरून तीन पोती मागून आणली आणि आत टाकली. चौथंही बसलं असतं, पण चाचांनी हात वर केला. "जागा है, ताकत नै. तीन." मग वडील पायफळीवर डावा पाय ठेवून, उजवा मागून ओढून घेत, पुढच्या बैठकीवर बसले. उतरले, पुन्हा बसले. कुणाचा हात न धरता. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी टिपून ठेवलेलं नाही. पण ते तिसऱ्यांदाही उतरून बसले, याची नोंद माझ्या वहीत आहे.

बाटलीची परीक्षा या वेळी चाचांनी आपल्या पद्धतीनं घेतली. "खाली गाडी सब अच्छी रहती," ते म्हणाले आणि तीन पोती व चार माणसं घेऊन हैदराबाद रस्त्यावर सपाटीला निघाले. साडेतीन मैलांवर बाटली संपली. वळून दुसरी बांधली, तीही आडतीच्या दारातच संपली. गॅलनला अठ्ठावीस. दोनशे दहा मैलांना साडेसात गॅलन, टाकी सहाची. उरलेलं दोन गॅलनच्या एका डब्यात मावणार होतं आणि तो डबा पायफळीच्या खाली लटकवता येत होता. तीन पोत्यांच्या वर उरलेली ज्वारी यजमानांच्याच बैलगाडीनं उमरग्याच्या आडतीवर पाठवून, तिथून एसटीनं आणता आली असती. पोती, मैल आणि गुडघा हे तिन्ही प्रथमच एका गाडीत बसले.

व्यापारी म्हणाला, "बाबा, पानाचा वास तेवढा जात न्हाय बघा. पण वास काय, खिडक्या उघड्या ठेवल्या की झालं. गाडी मातर इमानी."

"वास राहू द्या," वडील म्हणाले. "देवीलाही विडा लागतोच."

सांगवीकडचा रानाचा एक तुकडा त्यासाठी विकला गेला. गाडी घरी आल्यावर आईनं तिला ओवाळलं, मागची दारं उघडून आत पाहिलं आणि म्हणाली, "उतरंड मावंल हिच्यात." आमच्या घरात ती मोटारीची सर्वांत मोठी स्तुती ठरली.

माघी पौर्णिमेनंतर फेरी निघाली. मी दहा दिवसांची रजा घेतली होती. बंधूंनी शाळेतल्यासारखं वेळापत्रक आखून दिलं होतं. दिवसाला तीन गावं, सव्वीस गावं नऊ दिवसांत. पूर्वी याच फेरीला सव्वा महिना लागायचा.

पहिल्या गावात सकाळी नवाला पोचलो. घर एका पाटलीणबाईंचं. सत्तरीच्या, नाकात नथीची खूण उरलेली, आवाज गावाला ऐकू जाईल असा. त्यांच्या सासऱ्यापासूनची नावं वडिलांच्या वहीत होती. वडील पायफळीवरून उतरून स्वतःच्या पायांनी ओसरीवर गेले तेव्हा बाईंनी पदर तोंडाला लावला.

"दोन वर्सं झाली, बाबा. आमाला वाटलं, इसरले."

"गुडघ्यानं इसरायला लावलं, बाई."

कुंकू लावलं, प्रसाद दिला. दोन नातवंडं आणि एक सून वहीत चढली. बाईंचा एक दीर गेला होता, त्याच्या नावापुढं रेघ आली. अकराला जेवणं झाली. वडिलांनी घड्याळ पाहिलं. बंधूंच्या कागदावर दुसरं गाव बाराला होतं. ते उठून पागोटं ठीक करू लागले.

"कुठं निघाले?" बाईंनी विचारलं.

"पुढच्या गावाला. मोटार आहे आता."

पूर्वी वडील संध्याकाळी बैलगाडीतून यायचे, रात्री भावकीतली माणसं जमायची, दुसऱ्या दिवशी घरोघर जाणं व्हायचं. अशा मोठ्या गावात दोन मुक्काम ठरलेले. वाटेत एवढा वेळ जायचा, म्हणून मुक्काम करावा लागतो असं आम्ही समजत होतो.

"मोटारीनं आले म्हणून आमचं घर आखूड झालं व्हय?" बाई म्हणाल्या. "मी म्हणलं, दोन वर्सांचं बोलायचं हाय. नातीचं लगीन ठरवायचं हाय. आन् हे आले तसे निघाले! टपालवाला बी आमच्या घरी टेकून च्या पितो."

"बाई, पुढं पंचवीस गावं—"

"जावा की. आमी कोण आडवणार." मग त्या आत वळून मोठ्यानं म्हणाल्या, "अगं, ज्वारीचं पोतं काढा बाहीर. बाबाला न्हाय, मोटारीला पायजे."

पोतं आलं. दोन गड्यांनी ते खोक्यात टाकलं आणि दार लावलं. वडील गाडीत बसले. त्यांनी ते पोतं मागितलं नव्हतं आणि ते ज्या पद्धतीनं मिळालं तसं त्यांना जन्मात कधी मिळालं नव्हतं. ज्या माणसांसाठी मोटार घेतली, ती मोटारीमुळंच पहिल्या दिवशी हातची चालली होती. चाचा पुढं जाऊन हँडल मारायला वाकले. वडील खिडकीतून हळू आवाजात म्हणाले, "चाचा, गाडी चालू होऊ देऊ नका."

चाचा सरळ झाले. "क्या बोले?"

"बंद पडली म्हणून सांगा."

मी बाजूलाच उभा होतो, त्यामुळं दोघांचेही चेहरे मला दिसत होते. चाचांचा असा अपमान जहागीरदारानंही केला नसेल. ते खिडकीजवळ आले आणि दातांतून म्हणाले, "पुजारीबाबा, चालीस साल में मेरी गाडी बंद नै पडी. मैं बोल्या था, गाडी के बारे में झूट नै बोलूंगा."

"तुम्ही बोलू नका. झाकण उघडा आणि नुसते उभे राहा. बोलायचं ते मी बोलतो."

चाचांनी ओसरीकडं पाहिलं. बाई पाठमोऱ्या उभ्या होत्या. चाचांनी शर्टाचं वरचं बटण चाचपलं, बॉनेट उघडलं आणि आत पाहत उभे राहिले. वडील मला म्हणाले, "उतर. आज मुक्काम आहे."

गाडी बंद पडली ही बातमी पाच मिनिटांत गावभर झाली. वीस-पंचवीस माणसं जमली. एक म्हणाला पाणी संपलं, दुसरा म्हणाला वायर तुटली. कानडी मुलखातून आलेला एक पाव्हणा म्हणाला की गाडीला उन्हाची सवय नाही. चाचा एक शब्द बोलले नाहीत. बाईंनी परातभर डाळ पुरणाला शिजायला टाकली. संध्याकाळी भावकी जमली, नातीच्या स्थळाचं बोलणं झालं, वडिलांनी तिची पत्रिका पाहिली. सकाळी निघताना बाईंनी स्वतः दुसरं पोतं काढायला लावलं. म्हणाल्या, "हे बाबाचं." गाडी पहिल्याच हँडलला सुरू झाली. चाचांना तेवढंही सोंग जमलं नाही.

बंधूंचं वेळापत्रक त्या दिवशी संपलं. पुढच्या गावी वडिलांनी दुपारपर्यंत काही सांगितलं नाही. जेवणं झाल्यावर चाचाच माझ्यापाशी आले. "अखबारवाले, पूछो उनको. झाकन खोलना है क्या?"

वडील ओसरीवरून म्हणाले, "खोला. आणि काय झालंय म्हणून कुणी विचारलं तर रोज एकच सांगू नका."

"मैं कुछ नै बोलता."

"बरं. मी सांगतो. आज प्लग."

अशी ती फेरी चालली. कुठं प्लग, कुठं कार्बोरेटर, एका गावी नुसतंच "तिचं तिला माहीत." माझी रजा संपली तेव्हा आठ गावं झाली होती. मी फाट्यावरून एसटी पकडली. फेरी संपायला सव्वा महिना लागला, म्हणजे पूर्वी बैलगाडीला लागायचा तेवढाच. पेट्रोल ठरल्याप्रमाणे साडेसात गॅलन लागलं, ज्वारी नऊ पोती आली. सव्वीसपैकी सव्वीस गावं वहीत पुन्हा भरली. वडिलांचे चुलतभाऊ घरी आले, पोती पाहून म्हणाले, "दादा, मोटार लाभली."

"लाभली," वडील म्हणाले. "बंद पडते तेवढी वेळेवर."

एकूण सहा वर्षं ती गाडी फेरीला गेली. तेवढ्या काळात तिचा एक टायर फुटला आणि एकदा पट्टा तुटला. याखेरीज ती कधी बिघडली नाही. पण उमरग्यापासून तुळजापूरपर्यंत तिची कीर्ती वेगळी होती. बाजाराच्या दिवशी गाडी उभी दिसली की लोक थांबून विचारत, "सुरू हाय का आज?" चाचा या प्रश्नाला उत्तर देत नसत. ते गाडी रोज पुसत, तेल बदलत आणि गर्दी जमली की आणखी जोरात पुसत.

सातव्या वर्षी सोलापूरच्या डॉक्टरांनी वडिलांच्या छातीला यंत्र लावून पाहिलं आणि कच्च्या रस्त्यांवरचे हादरे बंद केले. फेरी थांबली. या वेळी वडिलांनी वही उघडून पाहिली नाही, ती फडक्यात बांधून फळीवर ठेवली. गाडी विकायची ठरली. बंधूंनी उमरग्यात चार जणांना विचारलं. चौघांचंही उत्तर एकच.

"कोणती? ती पुजाऱ्याची? नगं, मास्तर. ती तर दर गावात बंद पडती."

बंधूंनी अठ्ठावीस मैलांचं सांगितलं. एक आडत्या हसला. "ढकलताना का?" चाचा शेजारीच उभे होते. इतकी इमानी गाडी आपण आपल्या हातानं बदनाम केली, हे त्यांनी तोंडानं कधी म्हटलं नाही, पण त्या दिवशी ते जेवले नाहीत.

महिन्याभरानं पाटलीणबाईंचा मुलगा तुळजापूरला आला. पानमळा लावला होता, माल न्यायला गाडी हवी होती. ही गाडी आधीही पानाचीच. वडिलांना संकोच वाटला. ते म्हणाले, "तुम्हाला आधी सांगितलं पायजे. लोक म्हणतात ती—"

"आईनं सांगितलंय," मुलगा म्हणाला. "आई म्हणती, गाडी बिघडत न्हाय. पहिल्या सालापासून म्हणती."

"कशावरून?"

"तुमचे ड्रायव्हर आमच्यात सहा सालं जेवले. गाडी दिवसभर उघडी टाकून येत्यात आन् हाताला तेलाचा डाग न्हाय. आई म्हणती, हात धुवायला राख दिली तर म्हणाले, पाणी बास."

दारात उभे असलेले चाचा आपले हात उलटसुलट करून बघत होते.

"मग बोलल्या का न्हाईत?" वडिलांनी विचारलं.

"बोलून काय मुक्काम मोडायचा?" मुलगा म्हणाला.

गाडी गेली. चाचाही तिच्याबरोबर गेले, कारण गाडीला दुसऱ्यानं हात लावलेला त्यांना चालणार नव्हता. पुढच्या माघी पौर्णिमेनंतर आठव्या दिवशी मी घरी आलो होतो. दुपारी दारात तोच हिरवा, तिखट वास आला. खोक्यातून एक ज्वारीचं पोतं उतरलं, त्यामागून दोन नातसुना, आणि पुढच्या बैठकीवरून, पायफळीला धरत, पाटलीणबाई. वडिलांनी ओसरीवरच त्यांना कुंकू लावलं. फळीवरची वही खाली आली. तीन नावं चढली. दर्शन झालं, जेवणं झाली. बाई म्हणाल्या, "निघतो आता. मोटार हाय, दिवस मावळायच्या आत पोचंल."

वडील "बरं" म्हणाले.

बाहेर बॉनेट उघडल्याचा आवाज आला. आम्ही दारात गेलो. चाचा इंजिनापुढं उभे होते, शर्टाचं वरचं बटण लावलेलं.

"काय झालं, चाचा?" वडिलांनी विचारलं.

चाचांनी त्यांच्याकडं पाहिलं. "प्लग," ते म्हणाले.

वडिलांनी त्यांच्या हातांकडं पाहिलं. हात स्वच्छ होते. मग ते गुडघ्यावर हात ठेवून वळले आणि आत आईला हाक मारून म्हणाले, "गाडी बंद पडलीय त्यांची. मुक्कामाला आहेत."

आईनं पुरणाची डाळ शिजत घातली.